चुन्याचं टोपलं

शामरावदादा गेल्याचं पत्र मला अकोल्यात, मुलीच्या घरी मिळालं. दुःखाआधी राग आला, खोटं कशाला सांगू? अहो, घरांच्या जागेची मंजुरी अजून यायची होती आणि हे चालले...

दादा मोर्शीकडच्या आमच्या गावचे सरपंच. मी शाळामास्तर, पंचायतीची लिखापढी माझ्याकडे. पुरात नदीकाठची माळ्यांची अकरा घरं गेली आणि ती माणसं शाळेत राहायला आली. वर्गात चुली, व्हरांड्यात मेथीच्या जुड्या. वर टेकाडावर गावठाणाची जागा रिकामी होती. पूर्वी पंचांनी तासाभरात वाटून दिली असती. पण नेमके तेव्हाच नागपूरहून नवे नियम आले. नकाशा मंजूर झाल्याशिवाय पंचायतीनं कुणाला वीतभरही जागा द्यायची नाही! मी नकाशा काढला. परत आला, कागद लहान. दुसरा काढला, तोही परत. उत्तर दिशा दाखवली नव्हती. दादांनी कपाळावर हात मारला. "मास्तर, नदी दाखवली ना बाप्पा? मंग उत्तर काहून पाह्यजे त्याईले? घरं नेली तवा नदीनं नकाशा इचारला व्हता का?" तिसरा पाठवला, त्याचं काही कळलंच नाही.

पुढचा पावसाळा तोंडावर आला तेव्हा दादांनी सकाळीच बैलबंडी जुंपली, भोक पाडलेलं चुन्याचं टोपलं मागे बांधलं आणि टेकाडावर फिरवली. आमच्याकडची जुनीच रीत ही. भरली बंडी जिथून वळेल तो रस्ता, उरेल ती घरांची जागा. त्या पांढऱ्या रेघांवरून अकरा घरं उभी राहिली. दादांना नोटीस आली, सरपंचकी गेली, वर घरं पाडायची धमकी. त्यानंतर भेटलं की एकच, "मास्तर, मंजुरी आली का?" मला त्या प्रश्नाचा वीट आला होता. आता वाटतं, रोज विचारलं असतं तरी चाललं असतं.

तेरवीला मी गावी आलो, त्यानंतर एक साहेब मोटारीनं पाहणीला आले. "हे वळण कशाला? रस्ता सरळ हवा," म्हणाले. निघताना मोटार त्याच वळणावर एका दमात फिरली. साहेब उतरले, वळण पावलांनी मोजलं आणि नकाशावर तसंच काढून घेतलं.

मंजुरीचा कागद गेल्या आठवड्यात आला, दादांच्याच नावानं. तो घेऊन मी त्यांच्या गोठ्यात गेलो. टोपलं बंडीमागे अजून बांधलेलंच आहे. कागद त्यात ठेवला.

"आली, दादा," मी मोठ्यानं म्हणालो.

बैलांनी तेवढी मान वर केली.