पुळणीचा उतार आणि उजवा गुडघा

माझा उजवा गुडघा दुखावला तो तालमीत, कुस्तीच्या हौद्यात. समोर नारळ पाडणारा एक गडी होता. दिवसभर माडांवर चढउतार करून त्याच्या पावलांना हातांसारखी पकड आली होती. मी घाटावरच्या सवयीने खाली वाकून त्याचा पाय ओढायला गेलो, तर त्याने तोच पाय माझ्या पोटरीभोवती माडाला घालावा तसा घातला. आमचं दोघांचं वजन एका बाजूला गेलं आणि माझा गुडघा दुसऱ्या बाजूला. कट्ट असा आवाज झाला, तो बहुधा मला एकट्यालाच ऐकू आला. मी उठलो, माती झटकली आणि हसलो.

"घाट्या, तुमच्याकडं माड नसतात काय रं?" त्याने विचारलं.

"न्हाईत."

"मग काय असतंय?"

"बाभळी."

"बाभळीवर कोण चढंल, म्हणा," तो म्हणाला, आणि सगळी तालीम हसली.

स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती. काशीदच्या अलीकडे, समुद्रावर नजर ठेवणाऱ्या एका सरकारी चौकीत मी हंगामी शिपाई होतो. माझं गाव घाटावर, माणदेशाच्या कोरड्या पट्ट्यात. चौथीत शाळा सुटली. सोडली म्हणायला माझ्या हातात काही नव्हतं. घरातले सगळे दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होते आणि हातोडा धरण्याइतका मी मोठा झालो होतो. पुढे ओळखीच्या एका माणसाने माझ्यासाठी शब्द टाकला. एसटीने माणगावपर्यंत आलो, तिथून मिळेल त्या गाडीने या किनाऱ्यावर. त्या माणसाचे उपकार मी अजून मानतो. समुद्राचं म्हणाल, तर त्याच्या आवाजाने पहिले काही दिवस झोप लागली नाही, एवढंच आठवतं.

काम चालण्याचं होतं. सकाळी चौकीतून पितळेचा एक बिल्ला घ्यायचा आणि पुळणीवरून दक्षिणेकडे चालत निघायचं. पुळण म्हणजे समुद्रकाठची वाळू. पलीकडच्या चौकीचा शिपाई तसाच आपला बिल्ला घेऊन उत्तरेकडे निघायचा. मध्यावर केवड्याचं बन होतं. तिथे आम्ही भेटायचो, बिल्ले बदलायचो आणि आपापल्या वाटेने मागे फिरायचो. त्याचा बिल्ला मी आमच्या चौकीच्या जमादाराच्या हाती दिला, की मी सगळा किनारा चाललो हे सिद्ध झालं. बिल्ला बदलला नाही, तर जमादाराला वर कळवणं भाग होतं.

पलीकडचा शिपाई वयाने बराच मोठा होता. दाढी पांढरी, विजार पोटरीपर्यंत दुमडलेली. त्याच्या गावातले सगळेच त्याला चाचा म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो.

राहायला मला जागा नव्हती, ती तालमीने दिली. मारुतीच्या देवळामागे कौलारू तालीम होती. तिच्या वस्तादांनी माझे खांदे पाहिले, गाव विचारलं आणि म्हणाले, "झोप हितं. रोज पहाटं हौदा खणायचा, अंग कमवायचं, आन् जत्रंत आपल्या तालमीकडनं लढायचं." एवढ्यावर व्यवहार झाला. परक्या गावात डोक्यावर कौलं आणि अंगाखाली कोरडी जमीन. मला फार मोठी गोष्ट वाटली.

त्यामुळे गुडघा दुखावला तेव्हा मी कोणालाच सांगितलं नाही. तालमीत सांगावं तर झोपायची जागा जाण्याची भीती. चौकीत सांगावं तर त्याहून मोठी भीती. जमादाराने आधीच बजावून ठेवलं होतं, "पावसाळ्याआधी डाक्टरची तपासणी हाय. पास झालास तर कायम. लंगडा शिपाई सरकार कशाला ठेवंल?" कायम झालो नाही, तर परत जाऊन खडी फोडायची. दुसरं काही नव्हतं. तेव्हा मी दोन्हीकडे सरळ चालत होतो, आणि कोणी पाहत नसेल तिथे लंगडत होतो.

तालमीत एक समज होता, आमच्या घाटावरच्या तालमींतही तोच: दुखणं घामातून काढायचं. सुजेवर आंबेहळद आणि तुरटीचा लेप लावायचा, वर फडकं गुंडाळायचं आणि रोजच्यापेक्षा जास्त बैठका मारायच्या. दुखरा भाग गरम होतो, दुखायचा थांबतो, आणि माणसाला वाटतं बरं झालं. मलाही वाटायचं. मग सकाळी पुळणीवर उतरलो की गुडघ्याच्या आतल्या बाजूला सुई टोचल्यासारखं व्हायचं आणि केवड्याच्या बनापर्यंत पोचता पोचता ओठ आवळून घ्यावे लागायचे.

येताना मी वाड्यांमधल्या वाटेने यायचो. नारळी-पोफळीची सावली, पायाखाली घट्ट माती, शिवाय अंतर थोडं कमी. एक दिवस त्या वाटेवरच्या ओढ्याचा साकव, म्हणजे लहान लाकडी पूल, दुरुस्तीसाठी काढून ठेवला होता, म्हणून पुळणीवरूनच मागे फिरावं लागलं. ऊन चढलं होतं, वाळू तापली होती. पण चौकी जवळ आली तेव्हा लक्षात आलं, की गुडघा जाताना दुखला तसा येताना दुखत नव्हता. त्यावर मी दिवसभर विचार केला. मग डोक्यात आलं, की पुळण समुद्राकडे उतरती असते. दक्षिणेकडे जाताना समुद्र उजवीकडे, म्हणजे उजवा पाय रोज खालच्या बाजूला. येताना समुद्र डावीकडे, म्हणजे उजव्याला आराम. मी येताना सावलीतून येत होतो, त्यामुळे तो आराम त्याला कधी मिळालाच नव्हता. एवढी साधी गोष्ट मला कळायला साकव निघावा लागला.

त्या दिवसापासून सावली सोडली. चामड्याच्या वहाणाही सोडल्या. त्यांवरून कोळणी मला पुष्कळ बोलल्या होत्या, एक तर म्हणाली होती, "ये घाट्या, पायांत काय होरी घातलीस?" होरी म्हणजे लहान होडी.

जातानाचा प्रश्न मात्र राहिला. ओहोटीला ओल्या वाळूचा सपाट, कडक पट्टा उघडा पडतो, त्यावरून गेलं तर उतार लागत नाही. पण ओहोटी माझ्या फेरीच्या वेळेला रोज थोडीच येणार? अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पहाटे समुद्र दूर गेलेला असायचा आणि पट्टा मोकळा. अष्टमी-नवमीला सकाळीच भरती, आणि मला वरच्या भुसभुशीत, तिरक्या वाळूतून जावं लागायचं. आमच्याकडे तिथी उपासापुरती बघत. इथे मी ती गुडघ्यासाठी बघायला लागलो.

तालमीतला व्यायामही मग त्यावर बेतला. चालणं सोपं गेलं त्या संध्याकाळी थोड्या बैठका, त्याही अर्ध्या, खांबाला धरून. चालणं अवघड गेलं त्या दिवशी नुसते जोर. हातांचा आणि छातीचा व्यायाम करायचा, गुडघ्याला सुटी. पण बैठका नाहीत याला तालमीत कारण द्यावं लागतं.

"आज बैठका कारं न्हाय?" वस्तादांनी विचारलं.

"उपास हाय."

"कसला?"

"अष्टमीचा."

दुसऱ्या दिवशी नवमीचा. त्यांनी माझ्याकडे जरा बघितलं. "पैलवान हाय का भटजी?" म्हणाले आणि पुढे गेले. संध्याकाळी त्यांच्या घरून माझ्यासाठी उकडलेली रताळी आली. पुढे दर अष्टमीला येऊ लागली. मी ती खात होतो. गोड होती.

चाचाला काही सांगावं लागलं नाही. अवघड दिवसांत मला पोचायला उशीर व्हायचा. एकदा केवड्याचं बन अजून बरंच लांब असताना चाचा समोरून येताना दिसला. मी म्हणालो, "चाचा, जागा तर पुढं राहिली."

"जागा कुठे पळते काय? समुद्र रोज सरकतो, आपण जरा सरकलो तर कुणाचं काय गेलं?" त्याने बिल्ला पुढे केला. माझ्या गुडघ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

त्यानंतर अष्टमीच्या सुमाराला तो रोज बनाच्या अलीकडे भेटायचा. पौर्णिमेच्या सुमाराला बनाशी. चालणं त्याचंही सोपं नव्हतं, त्याचं वय होतं. मी आभार मानायला लागलो की तो मासळीच्या भावाबद्दल बोलायला सुरुवात करायचा.

असं दोन-अडीच महिने चाललं. सूज उतरली. सपाटीवर चालताना दुखेना. फक्त पूर्ण खाली बसलं, किंवा कोणी पाय पिरगळला, तर जीव जायचा. तपासणीचा दिवस जमादाराने सांगितला: चैत्री पौर्णिमेनंतर चार दिवसांनी. तोवर गुडघा सांभाळला की झालं, असं मी धरून चाललो होतो.

मग एका संध्याकाळी वस्ताद म्हणाले, "जोड ठरली तुझी. जत्रंला."

"वस्ताद, मी अजून..."

"बघून ठरवलीय. अष्टमी-नवमीला तुझे उपास असतात, पौर्णिमेला नसतात. पौर्णिमेला तू बैठकाबी काढतोस. जत्रा चैत्री पौर्णिमेला. पोटात अन्न असणार, अंगात जोर असणार. मग काय?"

मीच तिथी लावल्या होत्या आणि त्यांनी त्या नीट ध्यानात ठेवल्या होत्या.

चाचाला विचारलं. तो म्हणाला, "लढ आणि पड. लवकर पड."

"पडतानाच गुडघा जाईल."

"मग नाही सांग."

"आणि झोपू कुठं?"

तो म्हणाला, "माझी पडवी आहे. पण तिथून तुझी चौकी लांब. सकाळी दुप्पट चालशील, तर पाय राहील काय?" आम्ही बिल्ले बदलले आणि मागे फिरलो.

जत्रेच्या दिवसापर्यंत मी नाही सांगू शकलो नाही. रोज ठरवायचो, आणि वस्ताद समोर आले की हौदा खणायला लागायचो. देवळापुढच्या मैदानात लाल माती पसरली होती, हलगी वाजत होती. शेजारच्या गावचा एक गडी माझ्यासमोर उभा राहिला. चेहऱ्याने चांगला माणूस होता. पाय मजबूत होते. मी खाली वाकून माती कपाळाला लावली. त्याने सलामीला हात पुढे केला. तो हात हातात घेतला आणि तेव्हाच मला दिसलं, की हा पहिल्यांदा माझ्या उजव्या पायावरच येणार. कारण मी सगळं वजन डाव्यावर घेऊन उभा होतो, आणि ते कोणत्याही पैलवानाला दिसतं.

मी हात सोडला आणि म्हणालो, "माझा गुडघा दुखावलाय. मी लढणार न्हाई."

मोठ्याने बोललो नव्हतो, पण पहिल्या रांगेला ऐकू गेलं. "घाटी पळाला," कोणीतरी म्हणालं. हलगी थोडी अडखळली. वस्ताद हौद्याच्या कडेला उभे होते, त्यांनी मान दुसरीकडे वळवली. मी बाहेर आलो. तेवढ्यात आमच्या तालमीतला तो नारळ पाडणारा सदरा काढत पुढे झाला. "पाय त्याचा मीच पिरगळलाय. त्याच्या जागी मी," असं म्हणून तो उतरला. बराच वेळ टिकला आणि मग हरला. शेजारच्या गावाने गुलाल उधळला.

संध्याकाळी मी माझं अंथरूण गुंडाळून तालमीच्या उंबऱ्याशी बसलो. वस्ताद आले.

"कवापास्नं?"

"नारळवाल्यानं पोटरीला पाय घातला त्या दिवसापास्नं."

"आन् उपास?"

"उपास न्हवते."

ते खांबाला टेकून उभे राहिले. "माझी बायको ती रताळी बाजारातनं मुद्दाम आणायची," म्हणाले. आवाज चढला नाही, त्यामुळे मला जास्त लागलं. थोड्या वेळाने त्यांनी अंथरुणाकडे बोट केलं. "हे काय?"

"आता कुठं झोपू, वस्ताद?"

"रोज कुठं झोपतोस?"

"हितं."

"मग?" आणि जाता जाता म्हणाले, "फावड्याला उद्यापास्नं हात लावू नको. दुसरं कुणीतरी खणंल. जोर मात्र चुकवायचे न्हाय."

चार दिवसांनी तालुक्याच्या गावी तपासणी झाली. आम्ही काही जण बाकावर बसलो होतो. डॉक्टरांनी डोळे पाहिले, छातीला फीत लावली, "श्वास घे" म्हणाले, आणि आकडा वाचून पुन्हा एकदा फीत लावून बघितली. मग म्हणाले, "खाली बस. ऊठ."

मी बसलो आणि उठलो. गुडघा वाजला. त्यांनी मान वर केली.

"हे काय झालंय?"

"तालमीत दुखावला, साहेब."

"दुखतो?"

इतके दिवस ज्या उत्तरापासून मी पळत होतो ते त्या खोलीत फार लहान वाटलं. "बसलं की दुखतो. चाललं तर न्हाई."

"रोज किती चालतोस?"

मी सांगितलं: आमच्या चौकीपासून केवड्याच्या बनापर्यंत आणि परत, पुळणीवरून.

"वाळूतून? रोज?"

"रोज."

त्यांनी गुडघा दोन्ही हातांनी धरून थोडा वळवला, माझ्या तोंडाकडे बघितलं, पुन्हा वळवला. "मग बसतोस कशाला?" ते म्हणाले. "चालत जा." आणि कागदावर 'पास' लिहून सही केली. मी सदऱ्याची बटणं लावत होतो, तोवर त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली होती.