सीलबंद दाजी

लोणखेड्यात माझ्या बहिणीच्या घरी मे महिन्यात सोफ्यावर बसलेला पाहुणा उठला की फाडकन आवाज होतो. पाहुणा ओशाळतो, पण दोष त्याचा नसतो. सोफा आठ वर्षांचा आहे, त्याचं प्लास्टिकही आठ वर्षांचं आहे आणि उन्हाळ्यात ते माणसाची पाठ सोडत नाही. टीव्हीचा रिमोट पिशवीत आहे, पिशवीला रबर आहे. ट्रॅक्टरच्या सीटवरचं कंपनीचं कव्हर उन्हात इतकं तापतं की हेमकांत, म्हणजे माझा भाचा, उभ्याने नांगरतो असं गावात म्हणतात. स्टीलच्या ताटांवरची लेबलं शाबूत आहेत. वरण संपवलं की कंपनीचं नाव वाचायला मिळतं.

हे सगळं माझे मेहुणे सुकलाल पाटील यांचं कर्तृत्व. मी त्यांना दाजी म्हणतो, घरातले नाना म्हणतात. एका सरकारी खात्याच्या भांडारात त्यांनी एकतीस वर्षं स्टोअरकीपरची नोकरी केली. सील फुटलं की जबाबदारी आपली, हे एकच तत्त्वज्ञान त्यांनी तिथे मिळवलं आणि निवृत्तीनंतर घरी आणलं. निरोपसमारंभातली शाल अजून खोक्यात आहे. माझी बहीण मंगलाताई म्हणते, "मन्हावर प्लास्टिक नव्हतं हाई मन्हं नशीब. नईतर चाळीस वर्ष मी कपाटमाच ऱ्हाती."

तर अशा माणसाने गेल्या उन्हाळ्यात स्वतःच्या हाताने कॉम्प्युटर जोडला.

कॉम्प्युटर हवा होता सुनेला, ममताला. ममता धानोऱ्याची, सिव्हिलचा डिप्लोमा केलेली. लग्नाला चार वर्षं झाली. नवरा हेमकांत केळीत बुडालेला. या हकिकतीत तो एकदा जेवायला येतो, तेवढंच त्याचं काम. ममता जुन्या लॅपटॉपवर गावातल्या लोकांना घराचे नकाशे काढून द्यायची. तो लॅपटॉप एप्रिलात मेला. आणि नेमकं तेव्हाच सुरतच्या एका बिल्डरने तिला विचारलं, की बंगल्याच्या नकाशावरून, आपण घरात फिरतोय असं वाटेल अशी फिल्म बनवून देशील का? रविवारी संध्याकाळी सहापर्यंत नमुना पाठव. आवडला तर घरबसल्या कायमचं काम. नमुना मागितलेले आणखी दोघं होते. चार वर्षं त्या स्वयंपाकघरात तिला कोणीही तिच्या डिप्लोम्याबद्दल विचारलं नव्हतं, सुरतहून परक्या माणसाने विचारलं. पोरगी हरखून गेली होती. मला ते बघून बरंही वाटलं आणि आमची लाजही वाटली.

या कामाला दणकट डेस्कटॉप लागतो. शहाद्याच्या बाजारात रिषभचं दुकान आहे, त्याचे आजोबा राजस्थानातून आले. मुलगा सरळ. म्हणाला, "काका, सगळे पार्ट मीच जोडी देस, तपासी देस. संध्याकाळलेच घरी लई जा."

दाजींनी संशयाने पाहिलं. "म्हंजे सीलं तू फोडशी?"

"फोडाशिवाय जोडू कसं, काका?"

"मंग माल उघडा व्हई गया ना! नई भो. खोकाच दे. मी जोडसू."

ममताने "नाना, त्यालेच करू द्या ना" म्हणून पाहिलं. पण दाजी तोवर प्रत्येक खोक्याची चिकटपट्टी नखाने तपासत होते.

शनिवारी सकाळी मला बोलावणं आलं. माझी विद्वत्ता नको होती, माझ्याकडचे बारीक स्क्रू ड्रायव्हर हवे होते. हॉलमध्ये दिवाणावर धुतलेली चादर आणि चादरीवर खोकी. दाजी आंघोळ करून, गंध लावून बसलेले. मोबाइलवर एका हिंदी माणसाचा व्हिडिओ चालू होता. तो माणूस "अब सबसे ज़रूरी बात" म्हणे आणि नेमकी तेव्हाच ताई चहा आणे. चहा होईपर्यंत ती ज़रूरी बात होऊन गेलेली असे. मागे जाऊन परत बघणं दाजींना कमीपणाचं वाटत होतं.

मान्य करतो, त्यांचा हात साफ होता. मोठा हिरवा बोर्ड पेटीत बसवला, त्यावर प्रोसेसर बसवला. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचं डोकं, ते तापतं म्हणून त्याच्या डोक्यावर धातूचा ठोकळा आणि पंखा बसवतात. मध्ये उष्णता वाहून नेणारी राखाडी पेस्ट लावतात. ठोकळ्याच्या तळाला काचेसारखं पातळ प्लास्टिक होतं. त्याचा एक कोपरा उठला होता. दाजींनी तो अंगठ्याने नीट चेपून बसवला आणि कौतुकाने म्हणाले, "कंपनीनं काम कितलं साफ शे!" मीही मान डोलावली. मला तरी काय कळतंय! मग पेस्ट वाटाण्याएवढीच लावली. उरलेली नळी तीन घड्या घालून पिशवीत, पिशवी रबरात, रबर कपाटात.

दुपारी पूजा. पेटीच्या काचेला हळदकुंकू लावलं, तेही काचेवरच्या प्लास्टिकवर, म्हणजे डाग पडायला नको. नारळ मात्र दारात फोडला. पाण्यावर दाजींचा भरवसा नव्हता. बटण दाबलं, पंखे फिरले, आत लाल-निळे दिवे लागले, पडदा उजळला. ममताने टाळ्या वाजवल्या. दाजींनी तपासणी केली ती अशी: पाच वेळा बंद करून चालू केला, एक भजन वाजवलं आणि कॅल्क्युलेटर उघडून सतरा गुणिले सतरा करून पाहिलं. उत्तर बरोबर आलं. "पास!" म्हणाले आणि रिकाम्या खोक्यावर तारीख घालून सही केली.

रविवारी सकाळी नऊला ममताने फिल्म बनवायला लावली. या कामात कॉम्प्युटरचा सगळा जीव लागतो आणि तीन-साडेतीन तास सलग चालावं लागतं. बाराव्या मिनिटाला कॉम्प्युटर बंद पडला.

दाजी म्हणाले, व्होल्टेज. खटका बदलला. बाराव्या मिनिटाला बंद. शेजारणीला मिक्सर बंद करायला लावला. बाराव्या मिनिटाला बंद. मग खोलीतला वाळ्याचा कूलर ओढून थेट पेटीच्या तोंडाशी लावला. आम्ही सगळे घामाघूम आणि यंत्र वाऱ्यावर. चौदा मिनिटं चालला! ताईने मीठ-मोहरीने दृष्ट काढली. त्यानंतर तेरा मिनिटं. म्हणजे दृष्ट काढण्यापेक्षा कूलर बरा, एवढं सिद्ध झालं.

ममताने तापमानाचा आकडा शोधून काढला. "नाना, प्रोसेसर शंभरले टेकेल शे."

"बाहेर त्रेचाळीस शे, बेटा. त्याले बी उन्हाळा लागसच ना," दाजी म्हणाले. पण आवाज खाली आला होता.

एक वाजला. रिषभचं दुकान बंद, तो विसरवाडीला लग्नात. ममताने त्याला फोन लावून स्पीकरवर ठेवला. मागे बँड वाजत होता. त्याने ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. "काका, पंखाना खालनं प्लास्टिक काढं व्हतं ना?"

मी दाजींकडे पाहिलं. दाजींनी स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं.

"काढं ना," ते म्हणाले. "काढं भो. एकतीस वर्ष स्टोअरले व्हतू मी."

"मंग प्रोसेसर नईतर बोर्ड खराब शे. उद्या लई या, बदली देस."

उद्या! मोबाइल घेऊन ममता कोपऱ्यात बसली आणि सुरतच्या माणसाला कळवायला लागली, की जमणार नाही, माफ करा. लिहायची, खोडायची, परत लिहायची.

मला दाजींचा राग आला. गमतीतला राग नव्हता, खराखुरा राग होता. एका चकतीएवढ्या प्लास्टिकसाठी नव्हे. ते काय, माझ्याही डोळ्यांदेखत राहिलं होतं. स्टोअरकीपरची अब्रू वाचवायला हा माणूस पोरीची आयती चालून आलेली संधी बुडवतोय, याचा. हेमकांत शेतातून आला, पानं वाढली गेली. दाजींनी ताट सरकवलं आणि सोफ्यावर जाऊन बसले. बहिणीच्या घरी साल्याने किती बोलावं याला मर्यादा असते. मी ती ओलांडली.

"दाजी, काल तुम्ही अंगठाखाल दाबं ते काय व्हतं?"

कूलर घरघरत होता. मग सोफ्यावर फाडकन आवाज झाला. दाजी उठले आणि सगळ्यांसमोर, बायको, मुलगा, साला यांच्यासमोर, सुनेपुढे जाऊन उभे राहिले.

"ममता, मेसेज धाडू नको. मी खोटं बोलनू. ते प्लास्टिक तठेच शे."

ममताने एकदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. मोबाइल खाली ठेवला. "नाना, मंग स्क्रू तुम्हीच काढा," ती म्हणाली. "तुम्हीच घट्ट बसाडेल शेतस."

ठोकळा काढला. प्लास्टिक मधोमध, प्रोसेसरचा ताप त्याच्याखालीच अडकलेला, आणि पेस्ट त्या प्लास्टिकलाच चोपडलेली. दाजींनी ते सोललं, ठोकळा पुसला. आता नवी पेस्ट हवी. रविवारी दुपारी शहाद्यात कुठे मिळणार? दाजी कपाटाकडे गेले. रबर, पिशवी, तीन घड्या. अर्धी नळी. त्या माणसाच्या साठवणीचा कोणाला उपयोग झाला, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

दोन वाजून दहा मिनिटांनी ममताने पुन्हा सुरू केलं. बारा मिनिटं झाली. तेरा झाली. चौदा झाली. हेमकांत खरकट्या हाताने उभा होता, केळीचं पाणी विसरून. तापमानाचा आकडा चौसष्टवर थांबला आणि तिथून हलला नाही. पाच अठ्ठेचाळीसला फिल्म सुरतला गेली.

साडेसहाला बिल्डरचा फोन आला. काम आवडलं होतं, एक तारखेपासून पाठवतो म्हणाला. मग त्याने विचारलं, की बाकीच्या दोघांच्या मशीन अर्ध्यात बंद पडल्या, तुझी कोणी बनवून दिली?

"घरीच जोडलीय," ममता म्हणाली. "माझ्या सासऱ्यांनी. तपासली पण त्यांनीच."

दाजी दाराआड होते. त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं, नंतर डोळेही पुसले. हॉलमध्ये आले, सोफ्याभोवती एक चक्कर मारली.

"अवं, कातर कोठे शे?"

ताईने कात्री आणली. ती अजून कार्डावर, प्लास्टिकमध्ये बंद होती. ताईने ते दातांनी फोडलं. दाजींनी हात पुढे केला, पण तिने कात्री दिली नाही.

"सरका," ती म्हणाली. "हाई मी काढसू."

एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत तिने ते सोफ्याचं प्लास्टिक टराटरा कापत नेलं. आतलं कापड मोरपंखी रंगाचं होतं. आठ वर्षांत आम्हा कोणालाच ते ठाऊक नव्हतं. ताईने त्यावरून हात फिरवला आणि ममताला हाक मारली. "वहू, पहिले तू बस."

ममता बसली, जरा वेळाने चहा ठेवायला उठली. आवाज काही झाला नाही.