नाव जागची हलेना

अंबड तालुक्यातल्या आमच्या गावाला नौकामंडळाची काय गरज होती, हे मला आजही सांगता येणार नाही. भाद्रपदात तलाव भरायचा आणि होळीपर्यंत त्यात म्हशी डुंबतील एवढंच पाणी उरायचं. पण निजामी जाऊन काही वर्षं झाली होती, जिकडंतिकडं मंडळं निघत होती, आणि आमच्या पोष्टात कोकणातले एक मास्तर बदलून आले होते. पाणी दिसलं की त्यांना चैन पडत नसे. गावातल्या माणसांनी वल्ही मारत नाव सरळ न्यावी आणि आपण ती डोळ्यांनी बघावी, एवढी एकच हौस त्या भल्या माणसाला होती. तीन मोसम आम्हाला ती पुरवता आली नाही.

नाव गावच्या सुतारानं बनवली. त्यानं जन्मात नाव पाहिली नव्हती, त्यामुळं ती चाकं काढलेल्या बैलगाडीसारखी दिसे. डांबर मात्र असं चोपडलं होतं की थेंब आत यायचा नाही. आमची धोतरं तेवढी कायमची काळी झाली. शीड म्हणून कापडवाल्याच्या दुकानाचं पाल लावलं होतं. कुंभार पिंपळगावच्या बाजाराच्या दिवशी तो ते सोडून न्यायचा, आणि नेमका त्याच दिवशी वारा झकास असायचा.

खरं दुखणं बसण्याचं होतं. नावेत दोन फळ्या. मागच्या फळीवर मंडळाचे अध्यक्ष, म्हणजे गावचे पाटील, आणि कापडवाला. पुढच्या फळीवर सुतार आणि शाळेचा गुरुजी, म्हणजे मी. सगळ्यांच्या मागं, सुकाणूवर, मास्तर.

"वल्हं मारणाऱ्यानं पुढं पाठ करून बसायचं," मास्तर रोज सांगत.

"ज्या गावाला जायचं त्यालाच पाठ?" पाटील म्हणत. "ते न्हाई जमणार, मास्तर. गाडी हाकताना कुणी मागं तोंड करून बसतंय का?"

म्हणून पाटील पुढं तोंड करून बसत आणि कापडवालाही तसाच बसे. सुतार आणि मी त्यांच्या पुढ्यात. पाटलांना पाठ दाखवून बसायची आमची काय छाती! आम्ही त्यांच्याकडं तोंड करून बसायचो. दोघं इकडं ओढायचे, दोघं तिकडं. वाऱ्यानं नाव मधोमध नेऊन सोडली की पुढं चौघं घाम गाळत वल्ही मारत असू, गप्पा रंगत, पानाचा डबा फिरे, आणि नाव ढिम्म. मास्तर कपाळाला हात लावून बसत.

तिसऱ्या मोसमात, माघ संपता संपता, मास्तरांची बदली कोकणात झाली. समुद्राकाठी चाललात म्हणून आम्ही आनंद केला, तर म्हणाले, "तिथं काय, कोणीही नाव चालवतं." जालन्याची मोटर पैलतीरावरच्या रस्त्याला थांबायची. तिथवर त्यांना नावेनंच पोचवायचं ठरलं. त्यांची ही शेवटची आशा आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. "आज कायबी करून न्यायचंच," पाटील म्हणाले, आणि जाऊन आपल्या जागेवर, आपल्या नेहमीच्या तोंडानं बसले. मग आम्हीही बसलो.

मधोमध गेल्यावर वारा पडला. आम्ही ओढतोय, ओढतोय. पैलतीरावर मोटारीचा भोंगा वाजला. मास्तरांनी आम्हा चौघांकडं एकदा पाहिलं. धोतर वर खोचलं, ट्रंक डोक्यावर घेतली आणि पाण्यात उतरले. पाणी कमरेइतकंच होतं. ते चालत पलीकडं गेले. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

त्यांना जाताना बघायला सुतार आणि मी फळीवरच वळून बसलो. हात तेवढे सवयीनं वल्ही ओढत होते. मास्तर मोटारीच्या दारात पाय ठेवून मागं वळले आणि तसेच थांबले. कंडक्टर ओरडत होता.

"गुरुजी," माझ्या पाठीमागून पाटील हळूच म्हणाले, "आपण सरळ जाऊन राह्यलो."

खरंच जात होतो. चौघांची तोंडं आता एकाच बाजूला झाली होती. नाव उलट्या अंगानं, आमच्या काठाकडं, नीट रेघेत निघाली होती. मास्तरांनी ट्रंक खाली ठेवली, दोन्ही हात वर केले आणि ओरडले, "बराबर! बिलकुल बराबर!" आपण त्यांच्यापासून लांब चाललोय, हे कळून मी वल्हं उचललं.

"थांबू नका," पाटील म्हणाले. "बघून राह्यलेत ते."