अर्ध्या वितीखाली खार

आबिदाचाची पळत येताना दिसली तेव्हा पोपटला वाटलं, खूश झाली म्हातारी. मुद्दाम ट्रॅक्टर थांबवला त्यानं. मागे वळून बघितलं तर नांगराचं काय तास पडलं होतं! सरळ, रुंद, खोल, ढेकळं कशी उलटून पडलेली, ओली, चकचकीत, काळी-निळी. किती वर्षांनी!

"बंद कर! मेल्या, बंद कर ते!"

ती खूश नव्हती. ओढणी खांद्यावरून घसरून मातीत ओढली जात होती आणि तिला भानच नव्हतं.

पोपट सोनकांबळे मूळचा अंबाजोगाईकडचा. आता जुईनगरला राहतो आणि वर्षभर ट्रॅक्टरला पाण्याचा टँकर जोडून बांधकामांवर फिरत असतो. पण गावाकडं तो नांगरट्या होता, आणि साधासुधा नाही. तिकडची काळी जमीन उन्हाळ्यात दगडासारखी होते, तिच्यात नांगर जेवढा खोल जाईल तेवढा गडी चांगला. लोक त्याला खोल्या पोपट म्हणायचे. इथं येऊन ते सगळं गेलं. बायको वेणूबाई सकाळी डबा देताना चिडवायची, "घ्या टँकरशेठ, निघा." तो हसायचा, पण लागायचं त्याला. खूप लागायचं.

म्हणून आबिदाचाचीचा मुलगा तबरेज, तो ऐरोलीत कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, नांगरवाला शोधत आला तेव्हा पोपटनं पूर्ण ऐकूनसुद्धा घेतलं नाही. हो म्हणून मोकळा. पनवेलच्या एका गॅरेजमागे पडलेला दोन फाळांचा नांगर मागून आणला, गंज घासून काढला, फाळाला धार लावून घेतली. शेत उलव्याच्या टॉवरांच्या मागे, थेट खाडीच्या बांधाला लागून. पलीकडे दिवाळे गावच्या होड्या दिसतात. दोन वर्षं पडीक, गवत कमरेएवढं माजलेलं. सकाळी चाची म्हणाली होती, "वरच्या वर कर हां." पोपट मनात म्हणाला, वरच्या वर कशाला चाची, असं करून देतो की बघत राहाल.

आणि आता ती समोर उभी होती, हातात तेच निळं ढेकूळ.

"चाट."

"काय?"

"चाट म्हंते ना!"

त्यानं जीभ लावली. आणि थुंकला. मीठ! नुसतं मीठ, घसा जळाला.

"कललं?" चाचीचा आवाज फाटला. "ही जमीन खाडीतून काढलेली हाय. वर अर्धी वीत गोडी माती. माज्या सासऱ्यानं बांध घातला, पावसाचं पानी कोंडून कोंडून धुतली तवा गोडी झाली ती. खाली सगला खार. तो खार तू वर काढलास. भात नाय जगनार इथं, जलून जाईल!"

"मग नीट सांगायचं ना आदी! आमच्याकडं खोल नाय नांगरलं तर शिव्या खाव्या लागत्यात."

"सांगितला नव्हता? वरच्या वर म्हटला नव्हता?"

पोपटला आठवलं. म्हटलं होतं.

"तबरेज म्हंतो, अम्मी, यंदा शेवटचं. पिकलं तर ठेवू, नाय पिकलं तर देऊन टाकू. बिल्डरचा मानूस सारखा दारात बसलेला." ती खाली बघून बोलत होती, त्याच्याशी नाही, त्या तासाशी. "जा तू. घेऊन जा तुजा नांगर. मी करीन कुदलीनं."

कुदळीनं! एवढं शेत! पोपटनं तिच्या हातांकडे बघितलं, बोटं सांध्यातून वाकडी झालेली. निघून जाणं सोपं होतं. टँकर जोडायचा आणि विसरायचं. पण पाय हललेच नाहीत त्याचे.

"चाची, एक डाव बघू द्या. नाय जमलं तर मी स्वतः कुदळ घेतो."

"नको."

"हितं, तासाच्या कडंला. दोन पावलं फक्त."

ती एक पाऊल मागे सरकली. तो तेवढ्यावरच नांगरापाशी खाली बसला.

चूक कुठं झाली ते त्याला आता दिसत होतं आणि स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटत होती. ट्रॅक्टरला नांगर खालीवर करायचे दोन दांडे. एक दांडा नांगर जिथं सोडाल तिथंच धरतो. दुसरा जमिनीच्या जोरावर चालतो, माती कडक लागली की नांगर उचलतो, मऊ लागली की अजून खाली सोडतो. गावाकडं हा दुसराच कामाचा. हात सवयीनं त्याच्यावरच गेला होता, आणि इथली माती लोण्यासारखी! नांगर बुडतच गेला.

त्यानं दुसरा दांडा बंद केला, पहिला घेतला. मग मागची टॉप लिंक, नांगराला वरून ट्रॅक्टरशी जोडणारा आट्यांचा दांडा, ती फिरवून लांब केली म्हणजे फाळाचं नाक वर उचललं जाईल. आटे जाम होते. तळव्याची सालं निघाली. डोक्यावरून विमान गेलं, चाची ओरडून काहीतरी म्हणाली, ऐकू आलं नाही.

"काय?"

"म्हंते, जपून!"

ट्रॅक्टर दोन पावलं चालवला. थांबला. चाचीनं तासात हात घातला. एका बाजूला बरोबर अर्धी वीत. दुसऱ्या बाजूला हात आत, अजून आत.

"बघ! गेला ना!"

"चाक," पोपट म्हणाला, "उजवं चाक तासात उतरलंय, सगळा नांगर तिकडं कललाय. थांबा, थांबा जरा." उजव्या बाजूचं हँडल फिरवून त्यानं नांगर तेवढा वर घेतला. लांब जाऊन वाकून बघितलं, परत फिरवलं, परत बघितलं. पुन्हा दोन पावलं. चाचीनं हात घातला. इकडे अर्धी वीत. तिकडेही अर्धी वीत. तिनं हात झटकला आणि तोंडातल्या तोंडात म्हणाली, "चल फुडं."

तो निघाला. आणि बांधापर्यंत पोचला नाही तोच मागून किंकाळी. "निला! निला आला!"

त्यानं करकचून ब्रेक दाबला. दांडा! पहिल्या दांड्याला जागेवर अडवणारी चकतीच नव्हती, कधी पडली देव जाणे, टँकर ओढताना कोण बघतंय. धक्क्यांनी दांडा आपोआप खाली सरकत होता.

"झालं? समाधान?" चाची रडायच्या बेतात. "आता तरी जा रं बाबा!"

"हातानं धरतो."

"सगल्या शेतभर?"

"सगळ्या शेतभर!" तो ओरडला, एकदम, चाचीवर नाही, कुणावर काय माहीत. "तुमी मागं चाला. निळं दिसलं की फक्त हाक द्या."

आणि धरला त्यानं. एक हात स्टिअरिंगवर, एक दांड्यावर, मान मागे वळलेली. प्रत्येक खड्ड्याला दांडा हातातून सुटायला बघायचा आणि तो दात आवळून तसाच धरून ठेवायचा. मागे चाची बांधावरची एक काठी उचलून टेकत चालत होती, काठी तासात, डोळे तासात. वळणावर थांबायचं, नांगर उचलायचा, परत अलगद सोडायचा. ऊन डोक्यावर आलं. पाण्याची बाटली पायाशी होती पण घेणार कोणत्या हातानं? ती हाक मारेल, आता मारेल, असं वाटत राहिलं. तिनं मारली नाही.

शेवटच्या कडेला इंजिन बंद केलं तेव्हा बोटं उघडेनात. चाचीनं येऊन एकेक बोट दांड्यावरून सोडवलं. मग शेतात मधोमध जाऊन वाकली, चिमूटभर माती जिभेवर ठेवली. थुंकली नाही.

फोन काढला तिनं.

"तबरेज, बियानं घेऊन ये संध्याकाली. हा, झाला. चांगला झाला." थांबली. "नाय, सगल्या शेताचा नको. पहिला पट्टा सोडून आन."

पहिला पट्टा सोडून. पोपटनं ऐकलं आणि मान खाली घातली. शेत वाचलं होतं, तेवढा पट्टा त्याच्या नावावर मेला होता.

चाची निघाली. "चल, जेवून जा. बांगडा केलाय."

"तुमी व्हा फुडं, चाची."

बांधावर घमेलं पालथं पडलं होतं. ते घेऊन तो पहिल्या तासात उतरला आणि सुजलेल्या हातानं निळी ढेकळं त्यात भरायला लागला.