दुसऱ्यांदा विचारायचं कुणी

टाचण्या ओठांत धरूनच बोलणं. स्वतःची कात्री कुणालाही, अगदी मलाही, न देणं. चहा पार गार झाला की एका दमात पिणं. कादंबरीतल्या नायिकेला ‘आपली पोरगी’ म्हणणं. आणि बटणवाले दारात दिसले की चष्मा काढून ठेवणं. मग हातातली सुईही दिसायची नाही, तरी.

ही मावशी. नात्याने माझी कुणी नाही, मैत्रीण आहे. आमच्या घराखाली तिचं शिवणकामाचं दुकान. तिने साठी ओलांडलेली, मी नुकती साहित्यात पदवी घेऊन घरी बसलेली. ती शिवायची आणि मी तिला एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी कादंबऱ्या मराठीतून वाचून दाखवायची. तिला लग्न जुळण्याच्याच हव्या असायच्या.

“नमनालाच घडाभर तेल घालतात गं ही माणसं,” ती म्हणायची. “पण नायक एकदा विचारतो, पोरगी नाक उडवते, तो पुन्हा विचारतो. रीतच आहे ती.”

ती रीत तिने किती मनावर घेतली होती, ते मला उशिरा कळलं. मागच्या वर्षी बटणवाल्यांनी तिला लग्नाचं विचारलं होतं. विधुर, शांत माणूस. “छे, काहीतरीच!” म्हणून मावशीने विषय उडवला आणि ते पुन्हा कधी विचारतात याची वाट पाहत बसली. ते बटणं आणि दोरे घेऊन नेमाने येत राहिले. विचारलं मात्र नाही.

परवा आले तेव्हा म्हणाले, “पुढच्या खेपेपासून पुतण्या येईल, बाई. मी बहिणीकडे चाललो. कायमचा.”

मावशी चष्मा काढायची विसरली. मग घाईघाईने काढला.

“बसा. चहा घेऊनच जा.” आणि मला म्हणाली, “वाच गं. ते बागेतलं.”

लेकी बोले सुने लागे. दोघांपुढे चहा ठेवून मी वाचलं. नायक दुसऱ्यांदा विचारतो ते पान.

“जरा आगाऊच दिसतो हा,” बटणवाले म्हणाले.

“आगाऊ?” टाचण्यांमधून मावशी.

“एकदा नाही म्हणाली ना ती? मग पुन्हा कशाला मागे लागायचं? बाईमाणसाच्या शब्दाला काही मान आहे की नाही?”

मावशीने ओठांतल्या टाचण्या काढून एकेक करून टाचण्यांच्या छोट्या गादीत टोचल्या.

“म्हणजे वर्षभर तुम्ही माझ्या शब्दाचा मान ठेवत होतात?”

“मग? बटणं काय, पुतण्याही देऊन गेला असता.”

“अहो, वाट बघून बघून म्हातारी झाले मी!”

“तेव्हाही म्हाताऱ्याच होतात, बाई. मीही होतो.”

मावशीने चष्मा लावला. त्यांच्यासमोर पहिल्यांदाच. त्यांना नीट पाहिलं.

“बरं. मीच विचारते. करता का लग्न?”

त्यांनी कप खाली ठेवला. कप वाजला.

“बहिणीला काय सांगू?”

“सांगायचं काय? मीच येते. चला.”

मी पुस्तक उघडं धरून तोंडात बोट घातल्यासारखी उभी. मी तिला वाचून दाखवलेल्या एकाही नायिकेने हे केलं नव्हतं. मावशी पायरी उतरली, परत आली, आपला चहा एका दमात प्यायली. गरमच. आणि गेली.

मशीनवर कुणाचा तरी करडा कोट तसाच आहे. डावी बाही बसवलेली, उजवी टाचण्यांवर लोंबकळतेय. छातीवर बटणांसाठी खडूच्या खुणा. बटणं पुडीत, आणि पुडीवर मावशीची कात्री, मूठ माझ्याकडे करून ठेवलेली.