हद्दीबाहेरची पौर्णिमा

डांबरगोळ्यांचा वास आला की मला अजून बारामतीचा हिवाळा आठवतो. कारखान्यांचा हंगाम सुरू झालेला असे, हवेत मळीचा आंबूस गोडवा दाटलेला असे, आणि एसटी स्टँडसमोर तिबेटी स्वेटरवाल्यांची दुकाने मांडली जात. गाठोडी सुटली की वर्षभर कोंडलेला तो थंड, टोचरा वास उसासा टाकावा तसा बाहेर पडे.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी तिथल्या महाविद्यालयात शिकवत होते. त्या विक्रेत्यांतली एक प्रौढ बाई दर वर्षी त्याच जागी बसे. लहानपणी आईच्या पाठीवरून तिने हिमालय ओलांडला होता. वाढली ती कर्नाटकातल्या निर्वासितांच्या वसाहतीत. माझ्याशी ती हिंदीत बोले. त्या वर्षी ती आली ती आई गमावून. येत्या पौर्णिमेला विहारात, चार माणसांच्या प्रार्थनेत, आईच्या नावाने दिवा लावावा, एवढीच तिची इच्छा होती. मी तिला माझ्या गावचे, निरवांगीचे, आमंत्रण दिले. आमची घरे छप्पनच्या धर्मांतरानंतर बौद्ध झालेली. दूरदेशीची धम्मभगिनी येणार म्हणून विहारातल्या बायका हरखून गेल्या.

त्याच आठवड्यात चीनचा मोठा पाहुणा दिल्लीत येणार होता. निदर्शने होऊ नयेत म्हणून तिबेट्यांवर लक्ष ठेवायचे आदेश निघाले, आणि आमच्या पोलीस चौकीने त्यांचा अर्थ आपल्या परीने लावला: पाहुणा परत जाईपर्यंत स्वेटरवाल्यांनी बारामती सोडायची नाही.

माझे वडील लष्करातून निवृत्त झालेले. ते मला घेऊन चौकीत गेले.

"जमादारसाहेब, निरवांगी काय दिल्लीच्या वाटंवर हाय?"

"आबा, तितं इंदापूर तालुका लागतो. हद्दीबाहेर."

"दिवा लावणार हाय ती. बाँब न्हाय."

"मला काय ठावं न्हाय व्हय? माझ्या घरची शाल बी तिच्याकडचीच हाय. पर वरनं हुकूम हाय. तुमी मिलिटरीतलं, तुमाला हुकूम म्हंजी काय ते मी सांगू?"

आबा चौकीतून बाहेर पडले. परतताना ते म्हणाले, "आसामात असताना मी ही माणसं डोंगर उतरून येताना बघितल्याती. परदेशी डब्यातली दुधाची पावडर आमी गरम पाण्यात कालवायचो, पोरं वंजळीनं प्यायची. तवा सरकार म्हणायचं, हे आपलं पाहुणं. आता पाहुणा दुसरा हाय."

दूर देशांनी धाडलेल्या दुधाचा, धान्याचा, औषधांचा इतिहास मी पुस्तकांत वाचला होता. त्यातली करुणा खोटी नव्हती. आपल्या देशाने त्यांना जमीन दिली, शाळा दिल्या, हेही खरे. पण दोन सत्तांचे वैर तापलेले असते तेव्हा निर्वासिताच्या ताटात चार घास जास्त पडतात. समेटाची बोलणी सुरू झाली की तेच ताट ओसरीवरून आत सरकवले जाते, आलेल्याला दिसू नये म्हणून. ताट मात्र कुणा माणसापुढचे असते.

"तिला येता येत न्हाय, तर आपुन जाऊ," निरवांगीला निरोप पोचला तेव्हा माझी चुलती म्हणाली.

पौर्णिमेच्या संध्याकाळी निरवांगीच्या बायका एसटीने बारामतीत उतरल्या. बुद्धाची छोटी मूर्ती, मेणबत्त्या, फुले. आणि प्रत्येकीच्या काखेत एक गाठोडे. ज्वारी, तांदूळ, जुनी लुगडी. "निर्वासित हाय बिचारी, मोकळ्या हातानं कसं जायाचं?" पिढ्यान् पिढ्या दुसऱ्यांच्या दारात उभे राहिलेले हात आज देणारे झाले होते, चुलतीच्या चेहऱ्यावर तो उजेड दिसत होता. भर बाजारात, दुकानापुढे गाठोड्यांचा ढीग लागला. शेजारचा केळीवाला ओरडला, "काय बाई, स्वेटर इकायचं सोडून भिक्षा मागायला लागलीस का?"

बाजारात ऐकून एवढी मराठी तिला कळत असे; तिचा चेहरा उतरला. ती व्यापारी होती. दर हिवाळ्यात, कुणाचे काही न घेता, याच फुटपाथवर ताठ उभी राहिली होती. गाठोडी उचलायला सांगावे तर चुलती दुखावणार, राहू द्यावीत तर हिची मान खाली जाणार. दोघींना समजावू शकणारी मी एकटीच, आणि मला शब्द सुचेना.

तिने फळीवरचे स्वेटर बाजूला केले, तिथे मूर्ती ठेवली, मेणबत्ती पेटवली आणि ओठांतल्या ओठांत आईचे नाव घेतले. बायकांनी वंदना म्हटली. त्या पाली स्वरांखाली तिची तिबेटी गुणगुण खोल पाण्यासारखी वाहत राहिली. मग तिने एका गाठोड्यातली मूठभर ज्वारी मूर्तीपुढे वाहिली. ती गाठ पुन्हा बांधली आणि सगळी गाठोडी, रागाचा लवलेश न दाखवता, ज्यांची त्यांच्या हातात दिली.

"अगं, दिल्यालं कुणी परत घेतं व्हय?" चुलती पुटपुटली.

स्वेटरवालीने विकायची नवी कोरी ब्लँकेटे फुटपाथवर अंथरली आणि समोरच्या टपरीवर सगळ्यांसाठी चहा सांगितला. मग चुलतीने गाठोडे मांडीवर घेतले आणि ती बसली. तिच्यामागे एकेक करून साऱ्या टेकल्या. उभी राहिले ती मीच. स्वेटरवालीने माझ्याकडे पाहिले, शेजारची जागा हाताने साफ केली आणि मराठीत म्हणाली,

"बसा."