मुलगा पोहोचेपर्यंत स्क्रीन पुसली नाही

मैत्रिणींनो, आज सकाळी माझा सुहास बंगळूरला परत गेला. हे गेल्यापासून घरात मी एकटीच.

नवा लॅपटॉप नको म्हटलं, म्हणून त्याने आपला जुनाच मला हिशेबासाठी ठीक करून दिला. काल काळ्या स्क्रीनवर काय काय टाइप करत बसला होता. मला शिकवताना गमतीत "आई चहा" लिहिलं, तर खाली उत्तर आलं, अशी कमांडच नाही! आम्ही दोघं खूप हसलो.

जाताना म्हणाला, "स्क्रीन भरली की क्लिअर लिहून एंटर दाब. बस, सगळं साफ."

आता आपल्यात घरचं माणूस प्रवासाला निघालं की ते पोहोचेपर्यंत केर काढत नाहीत. मी घर झाडलं नाही, आणि स्क्रीनही तशीच ठेवली. पूजा केली, जेवले, येता-जाता त्या ओळी बघत राहिले.

दुपारी फोन आला. "पोहोचलो आई. क्लिअर करून पाहिलं?"

"तू पोहोचल्याशिवाय कशी करू रे?"

"अरे यार आई, तो काय केर आहे? बिनधास्त कर. मग वरचा बाण दाबत जा, मी लिहिलेलं एकेक परत येईल."

आधी केर काढला, मग क्लिअर लिहिलं आणि जरा थांबून एंटर दाबलं. स्क्रीन रिकामी झाली. बाण दाबत गेले, तर खरंच आलं, "आई चहा".

उठून चहा ठेवला.

माणूस पोहोचल्याचा फोन आला की तुम्ही लगेच झाडू घेता, की तुमचाही हात जरा थांबतो?